पाणी किती फुटांवर? पंचगंगेचा पूर आणि त्याची दप्तरं

जुलैचा दुसरा पंधरवडा लागला की कोल्हापुरात "काय चाललंय?" हा प्रश्न मागे पडतो आणि "पाणी किती?" हा पुढे येतो. उत्तर फूट-इंचांत मिळतं. "अडतीस-चार." कुठलं पाणी, कुठे मोजलं, असं कुणी विचारत नाही. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचा आकडा पूरकाळात तासातासाला बाहेर पडतो आणि चहाच्या गाड्यापासून कलेक्टर ऑफिसपर्यंत सगळे त्याच आकड्यावर बोलतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. पाढे चुकणारं पोरगंही या दोन आकड्यांत चुकत नाही.

मी लोकप्रशासन शिकवतो. 'सार्वजनिक प्रश्न आणि शासनसंस्था' हा घटक आला की पुस्तकातली उदाहरणं बाजूला ठेवून पंचगंगेचा पूर घेतो, कारण यात एक चमत्कारिक गोष्ट दिसते. पाणी आल्यावर काय करायचं, हे इथल्या यंत्रणेला वर्षागणिक जास्त चांगलं जमत गेलंय. पाणी इतकं का चढतं आणि चढल्यावर इतके दिवस का तुंबून राहतं, या प्रश्नावर मात्र तीच कार्यालयं आणि तेच अधिकारी जागचे हलत नाहीत. माणसं आळशी म्हणून असं होतं, हे उत्तर सोपं आहे आणि माझ्या मते चुकीचं आहे. पुराचा जो भाग एका टेबलावर पुरा मावतो, त्याचं काम होतं. जो चार टेबलांवर पसरतो, त्याची फाईल होते. हे प्रकरण त्या टेबलांचं आहे.

पट्टीवरचा आकडा

भूगोल थोडक्यात. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी आणि गुप्त मानलेली सरस्वती यांचं एकत्र पाणी म्हणजे पंचगंगा. प्रयाग चिखलीला संगम होतो, तिथून शहराच्या पश्चिम-उत्तर कडेने नदी बावडा, शिरोली करत इचलकरंजीकडे जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वर सगळ्यांत जुनं धरण राधानगरीचं, शाहू महाराजांनी सुरू केलेलं. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. एक उघडला की १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी सुटतं, आणि तो उघडायला कुणाची सही लागत नाही. पाण्याच्या दाबाने तो आपला आपण उघडतो. या सबंध प्रकरणात सहीशिवाय चालणारी मला सापडलेली ही एकच गोष्ट.

राजाराम बंधाराही साधा नाही. दगडी खांब आणि त्यांच्या मधे बसवायचे लाकडी बरगे, असा हा 'कोल्हापूर पद्धतीचा' बंधारा. के. टी. वेअर म्हणून राज्यभर जी चीज ओळखली जाते तिच्यातला 'के' आपला. बांधला तो उन्हाळ्यात पाणी अडवायला. पावसाळ्यात बरगे काढले की नदी मोकळी होते आणि बंधारा शहराची फूटपट्टी बनतो.

आता या फूटपट्टीची करामत बघा. पाणी तिशी ओलांडून पुढे सरकलं की पंचगंगा घाट दिसेनासा होतो. मग ते गायकवाड वाड्याच्या रस्त्यावर येतं, जामदार क्लबकडे सरकतं. एकोणचाळीसच्या आसपास दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्यात शिरतं आणि तिथली कुटुंबं शेजारच्या चित्रदुर्ग मठात हलवली जातात. दरवर्षी पहिलं स्थलांतर त्यांचंच. मठात आता हे इतकं सवयीचं झालंय की कुणाची चूल कुठल्या कोपऱ्यात, हेसुद्धा ठरलेलं वाटतं. आकडा चाळीशीच्या पुढे गेला की सिद्धार्थनगर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, बापट कॅम्प यांची पाळी. प्रत्येक फुटामागे एक वस्ती आहे, वस्तीमागे एक शाळा किंवा मंगल कार्यालय, आणि त्यामागे एक जबाबदार माणूस.

याला कायद्याचा कणा आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे प्रमुख झाले. आपत्तीत ते कुठलंही वाहन, इमारत, बोट ताब्यात घेऊ शकतात आणि कुठल्याही खात्याला कामाला लावू शकतात. एरवी ज्या महापालिका, जलसंपदा, बांधकाम, महसूल, पोलीस या खात्यांची एकमेकांशी पत्रानेच गाठ पडते, ती त्या दिवसांत एका खोलीत बसतात. बाहेरून एनडीआरएफची पथकं येतात. व्हाईट आर्मीसारखे इथलेच स्वयंसेवक पाण्यात उतरतात. आणि तालमी, म्हणजे पेठापेठांतली तरुणांची मंडळं. तालमीचं नाव कुठल्याही शासकीय आराखड्यात फार ठळक नसतं, पण कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी आहे हे वॉर्ड ऑफिसच्या आधी तालमीच्या पोरांना माहीत असतं.

ही घडी आपोआप बसली नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं तेव्हा ती पार विस्कटली होती. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीत हजारो माणसं अडकली. लोकांच्या डोक्यात २००५ चा पूर होता. तेव्हा पाणी ज्या पायरीला थांबलं त्याच्या वर ते येणार नाही, असा हिशोब. त्यातून दावणीला म्हशी. म्हैस सोडून माणूस बोटीत बसत नाही, हे बाहेरून आलेल्या जवानाला कोण सांगणार? दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, नदी ५६ फूट ओलांडून गेली, म्हणजे आदल्या पुराच्याही वर, आणि चढली तीही झपाट्याने. तरी या खेपेला दोन्ही गावांतली पुष्कळ माणसं जनावरांसकट आधीच सोनतळीला गेलेली होती. शिकणं झालं होतं. गावाने शिकलं आणि यंत्रणेनेही.

इथे थोडं थांबून सोनतळीबद्दल. १९८९ च्या पुरानंतर चिखली-आंबेवाडीकरांना सोनतळीला जागा देण्यात आली. म्हणजे पुनर्वसनाचा निर्णय होऊन पस्तीस वर्षं उलटली. गाव मात्र दोन ठिकाणी जगतं: पावसाळ्यातले काही दिवस वर, बाकी वर्ष खाली, रानाजवळ, गोठ्याजवळ. जागेचा कागद आणि मालकीची नोंद महसूलकडे, रस्ता आणि पाणी जिल्हा परिषदेकडे, आणि खालचं घर सोडायचं की नाही हे घरमालकाकडे. वर जाऊन राहिलो आणि खालचं घर सरकारजमा झालं तर? ही शंका कुणी एकच खातं मिटवू शकत नाही. म्हणून पुनर्वसन झालेलं गाव दर पुरात पुन्हा स्थलांतरित होतं.

नाल्यातून आलेली नदी

बाहेरगावच्या माणसाला वाटतं की नदीकाठचं शहर म्हणजे नदी काठावरून आत येते. कोल्हापुरात ती मागच्या दाराने येते. शाहूपुरी आणि व्हीनस कॉर्नर नदीपासून चांगलेच लांब आहेत. तिथे पाणी येतं ते जयंती नाल्यातून. शहराच्या दक्षिणेकडून निघून हा नाला भर वस्तीतून नदीकडे जातो. नदी फुगली की नाल्याचं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही आणि नदीचं पाणी उलटं आत शिरतं. याला आपल्याकडे फुगवटा म्हणतात.

हा नाला कुणाचा? ज्या दिवशी हा प्रश्न वर्गात टाकतो त्या दिवशी तास पुरत नाही. नाल्यातलं सांडपाणी महापालिकेच्या ड्रेनेज विभागाचं. ते उपसून बावड्याच्या प्रक्रिया केंद्राला न्यायचं कामही त्यांचंच, आणि उपसा बंद पडून मैला नदीत गेला की नोटीस काढायचं काम प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. उन्हाळ्यात पोकलॅन लावून गाळ काढायचा तो आरोग्य विभागाने. काठावरचं बांधकाम नगररचनेचं. नाला जिथून सुरू होतो तो डोंगरउताराचा भाग शहराच्या हद्दीबाहेर, म्हणजे ग्रामपंचायतींचा. आणि तोंडाशी नदी भेटली की जलसंपदा. नाला एकच आहे. पण ड्रेनेजवाल्याला तो गटार दिसतो, मंडळाला प्रदूषणाचा स्रोत, नगररचनेला नकाशावरची निळी रेघ. फुगवट्याच्या दिवशी तो यांतलं काहीच नसतो, तो नदी असतो. आणि नदी म्हणून त्याच्याकडे बघणारं टेबल महापालिकेत नाही.

कुंभार गल्लीत याचा अर्थ काय होतो, ते सांगतो. २०१९ ला गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती. पूर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणजे मूर्ती रंगाला आलेल्या, काहींच्या डोळ्यांची आखणी व्हायची बाकी. कुंभाराचं घर म्हणजे खाली कारखाना, वर राहणं. पाणी यायला लागलं की आधी लहान मूर्ती माळ्यावर, मग मधल्या, मग बायकापोरं. मंडळाची मोठी मूर्ती जिन्यातून वर जात नाही. ती जागीच उंच करतात: खाली बाकडं, बाकड्यावर विटा, वर पाट. मग माणूस दारात उभा राहून दुसऱ्या पायरीवरचं पाणी तिसरीवर कधी जातं ते बघत राहतो. शाडू भिजला की मूर्तीची माती होते. रंगाच्या पिशव्या फुटतात. साचे वाचले तर वाचले.

पाणी उतरल्यावर पंचनामा. इथे शासनाची भाषा सुरू होते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे केंद्राने २०१५ ते २०२० साठी ठरवलेले निकष होते. त्यांत हस्तकला-हातमाग कारागिराला अवजारांच्या नुकसानीसाठी ४,१०० रुपये आणि कच्चा, अर्धवट किंवा तयार माल गेला तर आणखी ४,१०० रुपये. मोठ्या मूर्तीचा इसारसुद्धा यापेक्षा जास्त असतो. राज्य शासन वेळोवेळी यात भर घालतं, २०२१ ला दुकानदारांसाठी ५०,००० पर्यंतची मदत जाहीर झाली. पण मग प्रश्न उभा राहतो की कुंभार हा कारागीर की दुकानदार? त्याच्याकडे दुकानाचा परवाना नसतो, कारण घर हेच दुकान. मंडळांकडून घेतलेला इसार वहीत लिहिलेला, आणि वही पाण्यात. वही नाही म्हणून पुरावा नाही. पंचनामा करणाऱ्याचा यात दोष काढता येत नाही. त्याच्या हातातल्या तक्त्यात जेवढे रकाने आहेत तेवढंच नुकसान त्याला लिहिता येतं.

अशीच गत २०१९ च्या धान्याची झाली. मोफत गहू-तांदूळ कुणाला, तर ज्यांचा भाग दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात बुडाला त्यांना, असा शासन निर्णय निघाला आणि राज्यभर संताप उसळला. ज्याच्या घरात दीड दिवस छातीभर पाणी होतं त्याची ज्वारी वाळली असती, असं बहुधा मंत्रालयात कुणाला वाटलं असावं.

रेषा

या प्रकरणात रेषा फार आहेत. दोन रंगांच्या, एक हद्दीची, एक राज्याची.

रंगांच्या आधी. जलसंपदा विभाग नदीच्या दोन्ही अंगांना निळी आणि लाल पूररेषा आखतो. ढोबळमानाने, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची कड म्हणजे निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई. निळ्या आणि लालच्या मधे परवानगी मिळते, पण जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घेण्याच्या अटीवर. कोल्हापुरात या सगळ्याला मिळून 'रेड झोन' म्हणतात आणि जमिनीचा भाव सांगताना एजंट हा शब्द हळू आवाजात उच्चारतो.

अट वाचायला शहाणी आहे. एका घरापुरती ती शहाणीच आहे. पण जोतं वर घ्यायचं म्हणजे भराव टाकायचा, आणि भरावाने जेवढी जागा खाल्ली तेवढं पाणी शेजाऱ्याकडे जातं. त्याने भराव टाकला की त्याच्या शेजाऱ्याकडे. नियम घराला वाचवतो आणि गल्ली बुडवतो. परवानगी प्लॉटनिहाय दिली जाते, त्यामुळे प्रत्येक फाईल नियमात बसते. नदीच्या पात्रालगतच्या मोकळ्या जागेने एकूण किती पाणी पोटात घ्यायचं आणि त्यातलं किती आजवर भरावाखाली गेलं, याची बेरीज मांडणारी फाईल कुठल्याच कपाटात नाही. मुरमाचा डंपर रस्त्यावर दिसला तर महसूलचा माणूस त्याचा पास तपासतो: मुरूम उपसला कुठून, रॉयल्टी भरली का. टाकणार कुठे, हा त्याच्या कामाचा प्रश्नच नाही.

रस्त्यांचंही हेच. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पूरमैदानातून भरावावरून जातो. २०१९ ला तो जवळजवळ आठवडाभर बंद होता, २०२१ लाही बुडाला. महामार्गाच्या खात्यापुढचा प्रश्न "रस्ता पाण्याखाली जातो" असा, आणि त्याचं सरळ उत्तर "रस्ता उंच करा". रत्नागिरी रस्त्यावर केर्लीजवळ हीच स्थिती. वरच्या गावांचा प्रश्न उलटा: "रस्ता पाणी अडवतो." म्हणून तिथे भराव नको, पिलर घाला, मोऱ्या वाढवा, अशी मागणी. दोघंही खरं बोलतात. फक्त रस्त्याचं अंदाजपत्रक रस्त्याच्या खात्याकडे असतं आणि अडलेल्या पाण्याचं अंदाजपत्रक कुणाकडेच नसतं.

आता हद्दीची रेष. १९७२ ला कोल्हापूर नगरपालिकेची महापालिका झाली, पण हद्द तीच राहिली, सुमारे ६७ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांजवळ होती. भोवतीची पाचगाव, कळंबा, उचगाव, मोरेवाडी ही नावापुरती गावं राहिलीत. घरं, क्लास, दवाखाने, ट्रॅफिक सगळं शहराचंच. हद्दवाढीचा विषय निघाला की शहरात एक कृती समिती उभी राहते आणि गावांत दुसरी. गावाची भीती घरफाळ्याची, म्हणजे घरपट्टीची, आणि जमिनीवरच्या आरक्षणांची आहे, आणि ती अगदीच अनाठायी आहे असं मला वाटत नाही. हद्दीतल्या उपनगरांना महापालिकेने काय दिलं हे गावकरी रोज बघतो. २०१७ मध्ये शासनाने मधला मार्ग काढला: ४२ गावांचं कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण. शहर शहराच्या जागी, गाव गावाच्या जागी, आणि गावातल्या बांधकाम परवानगीला तिसरं कार्यालय.

पुराच्या अंगाने या तडजोडीचं काय झालं? शहर आडवं वाढू शकलं नाही म्हणून आतल्या आत दाटलं, आणि आत मोकळी जागा राहिली होती ती बरीचशी नागाळा पार्क, रमणमळा, बावडा रस्ता अशा सखल अंगाला. बाहेर, डोंगराच्या बाजूला, वस्ती वाढली आणि तिथलं पाणी उताराने नाल्यात येऊ लागलं. वरच्या अंगाच्या उतारावर एक परवानगी देणारा, खालच्या अंगाला दुसरा, मधे हद्दीचा दगड. पाण्याला दगड दिसत नाही.

मदतीला मात्र तो बरोबर दिसला. २०१९ ला पूरग्रस्त कुटुंबांना जाहीर झालेलं सानुग्रह अनुदान ग्रामीण भागात १०,००० आणि शहरी भागात १५,००० रुपये होतं. सिद्धार्थनगरातली गादी भिजली ती पंधराची, आणि नदीपलीकडे आंबेवाडीतली भिजली ती दहाची. नदी तीच, दिवस तोच.

नगरसेवक नसलेला पूर

एक गोष्ट पटकन सांगून पुढे जातो. नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली पाच वर्षं प्रशासक. म्हणजे २०२१ चा महापूर शहराने नगरसेवकाविना काढला. गंमत अशी की बचावकार्याला त्याने फारसा फरक पडला नाही. ते कलेक्टरच्या अधिकारात चालतं. फरक पडला तो नंतर. कुणाचा पंचनामा राहिला, कुठल्या गल्लीत औषधफवारणी झाली नाही, कुठल्या चाळीत भाडेकरूचं नाव यादीत आलं नाही, यासाठी ज्याच्या दारात जाऊन ओरडायचं तो माणूस अधिकाराच्या खुर्चीवर नव्हता. मी स्वतः एका शेजारणीचा अर्ज घेऊन तीन खिडक्या फिरलो. पहिलीवर सांगितलं, तलाठ्याकडे जा. तलाठी म्हणाले, शहरातला पंचनामा वॉर्ड ऑफिस करतं. तिसऱ्या खिडकीवर जेवणाची सुट्टी होती. माजी नगरसेवकाने शेवटी फोनवर काम केलं. माजी.

लांबचा दोषी

चौथी रेष राज्याची. पूर आला की कोल्हापूर-सांगलीत एक नाव घेतलं जातं: अलमट्टी. कर्नाटकातल्या या धरणाच्या फुगवट्यामुळे कृष्णा तुंबते, आणि कृष्णा तुंबली की पंचगंगा, अशी इथली पक्की समजूत. २०१९ नंतर राज्याने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० मध्ये अहवाल दिला. पुराचं खापर अलमट्टीवर फुटतं, असं समितीला आढळलं नाही. लोकांना ते पटलं नाही. धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायला कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० मध्ये मुभा दिल्यापासून ही चिंता वाढलीच आहे, आणि राज्य शासनाचाही या उंचीवाढीला विरोध आहे.

अलमट्टीचा धोका खोटा, असं मला म्हणायचं नाही. पाण्याचं गणित हा माझा विषय नव्हे. मी बघतो ते दोष कुठे ठेवला की कुणाचं काय होतं हे. दोष अलमट्टीवर असला की उत्तर बेंगळुरूत आणि दिल्लीत. २०२१ च्या जूनमध्ये दोन्ही राज्यांच्या मंत्र्यांची बेंगळुरूत बैठक झाली, विसर्गाची माहिती वेळेवर एकमेकांना द्यायची ठरली. चांगलंच झालं. महिन्याभरात जो पूर आला त्याला पश्चिमेच्या घाटात कोसळलेला पाऊस पुरेसा होता. पण दोष लांब असला की नागाळा पार्कमधल्या भरावाचा हिशोब मागायला कुणी येत नाही. लांबचा दोषी सगळ्यांच्या सोयीचा असतो, आणि त्या 'सगळ्यांत' रेड झोनमध्ये फ्लॅट घेतलेले आपणही आलो.

त्यापुढची पायरी मोठ्या प्रकल्पाची. जागतिक बँकेच्या मदतीने सुमारे ३,२०० कोटींचा पूरनियंत्रणाचा कार्यक्रम आखला गेला, पुराचं जादा पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याची कल्पना त्याच्या मध्यभागी. एवढी रक्कम आली की प्रश्नाचा आकार रकमेसारखा होतो. बोगदे, कालवे, पंप. कुंभार गल्लीला हवी असलेली गोष्ट, म्हणजे नाल्याच्या तोंडाची व्यवस्था आणि काठाची मोजणी, या आकड्यापुढे इतकी लहान आहे की ती कुणाच्या सादरीकरणात यायची नाही.

जमलेलं एक काम

याच शहराला एक अवघड काम जमलं, तेही सांगायला हवं. पूर आला की कोल्हापुरात पहिली टंचाई पाण्याची होते. शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी इथली उपसा केंद्रं पाण्याखाली जातात, मोटारी काढून ठेवाव्या लागतात आणि सगळीकडे पाणी असलेल्या शहरात टँकरमागे घागरी पळतात. त्यावर आणि नदीच्या प्रदूषणावर उत्तर म्हणून काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईनची मागणी कित्येक दशकं चालली. २०१३ ला योजना मंजूर झाली, २०२३ च्या दिवाळीत पाणी शहरात आलं. मधे वनखात्याची परवानगी, रस्त्याची परवानगी, गावांचा विरोध, वाढलेला खर्च, काय नव्हतं? तरी झालं. योजनेचं नाव एक होतं, मालक एक होता, आणि 'पाणी आलं की नाही' हे नळ सोडून कुणालाही बघता येत होतं.

टोलचंही तसंच. रस्त्यांच्या बदल्यात शहरावर टोल बसला तेव्हा सर्वपक्षीय कृती समितीने सगळं शहर रस्त्यावर उतरवलं आणि २०१५ च्या अखेरीस शासनाला टोल रद्द करावा लागला. टोलला नाका होता. जाऊन उभं राहायला एक ठिकाण होतं. भरावाच्या विरोधात मोर्चा काढायचा तर तो कुठे न्यायचा? महापालिकेच्या चौकात नेला तर ते पूररेषा आखणाऱ्या जलसंपदेकडे बोट दाखवणार, आणि जलसंपदा म्हणणार, आम्ही रेष आखून दिली, अंमल त्यांचा.

मध्यंतरी मी कुंभार गल्लीत गेलो होतो. एका घराच्या आतल्या भिंतीवर ऑइलपेंटने दोन रेघा मारल्यात, खालची '२०१९', तिच्या वर चार बोटांवर '२०२१'. निळी नाही, लाल नाही, दारं रंगवून उरलेल्या हिरव्या रंगाच्या. त्या घरातल्या काकांनी लोखंडी अँगल ठोकून मूर्तींसाठी नवी फळी केली होती, वरच्या रेघेच्या दोन वीत वर. फळी एवढी उंच का, विचारलं तर त्यांनी खिडकीतून बाहेर बोट केलं. पलीकडच्या प्लॉटवर डंपर मुरूम ओतत होता, आणि भरावाची पातळी काकांच्या उंबऱ्याच्या वर आलेली होती.